अद्भुत कथा आणि आपली मुले



शाळांना सुटी लागली की एक तक्रार आमच्या दाराशी नेमाने येते. "फादर, आमचा मुलगा अभ्यासाचे पुस्तक हाती धरीत नाही. राक्षस, यक्ष, चंद्रावरची माणसे असले काहीबाही वाचीत बसतो. त्याला जरा समजवा." तक्रार करणारे आईबाप मनाचे प्रामाणिक असतात. शेतात राबून किंवा हैदराबादेस, पुण्यास मजुरीस जाऊन त्यांनी मुलांस शाळेत घातलेले असते. मुलाच्या एकेका तासाची किंमत त्यांच्याइतकी कोणास ठाऊक असणार? म्हणून त्यांचे म्हणणे हसण्यावारी न नेता आज या सदरात त्याचा नीट विचार करावा, असे आम्ही योजिले आहे.

आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. मुलांस अद्भुत कथा आणि विज्ञानकथा वाचू द्याव्यात, अगदी लहानपणापासून वाचू द्याव्यात, आणि मोठेपणीही तो नाद तुटू देऊ नये. आता आईबापांचे आक्षेप एकेक करून पाहू.

पहिला आक्षेप असा की, ह्या गोष्टी खोट्या असतात, आणि खोटे वाचून मूल खोटे बोलावयास शिकते. ह्यावर आम्ही इतकेच विचारतो, की बायबलमध्ये झाडे बोलत नाहीत काय? शास्ते या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात योथाम लोकांस एक गोष्ट सांगतो. झाडे आपल्यासाठी राजा शोधावयास निघतात. जैतून, अंजीर आणि द्राक्षवेल तिघेही नकार देतात, आणि शेवटी काटेरी झुडूप राजा होते. झाडे चालत नाहीत हे योथामास ठाऊक होते, ऐकणाऱ्यांसही ठाऊक होते. तरीही त्या गोष्टीने त्या दिवशी जे सत्य सांगितले, ते सरळ भाषणाने सांगता आले नसते. प्रभू येशूचे दृष्टांत आपण दर रविवारी ऐकतो. उधळ्या पुत्राच्या बापाचे गाव कोणते, असे कोणी विचारीत नाही. जो ऐकणाऱ्यास फसवावयाच्या हेतूने बोलतो तो खोटे बोलतो. गोष्ट सांगणारा फसवीत नाही. "एक आटपाट नगर होते" असे म्हणताच त्याने कबूल केलेले असते, की ही गोष्ट आहे.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे, आणि आपल्या भागात तो विशेष ऐकू येतो. भुतांच्या, जादूच्या गोष्टी वाचून मुले भित्री होतील, अंधश्रद्धाळू होतील, असे म्हणतात. भानामती हा शब्द मराठवाड्यात आणि आपल्या बीदरच्या बाजूस कोणास सांगावा लागत नाही. घरावर दगड पडतात, दोरीवरचे कपडे पेटतात, अंगावर फुल्या उमटतात. आणि मग गावाचा संशय बहुधा एखाद्या विधवेवर किंवा एकट्या राहणाऱ्या म्हातारीवर जातो. तिला मारहाण होते, गाव सोडावे लागते. डॉक्टर नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठवाड्यात ह्याविरुद्ध पुष्कळ काम केले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. आपल्या कर्नाटकातही २०१७ साली अघोरी प्रथांविरुद्ध कायदा झाला आहे. म्हणजे हा प्रश्न जुन्या काळचा नव्हे, आपल्या गल्लीतला आहे.

परंतु ह्या दोन वस्तू एक आहेत काय? भानामतीची वार्ता कशी येते ते पाहा. "अमक्याच्या घरी खरेच झाले, माझ्या मेहुण्याने डोळ्यांनी पाहिले." ती पुरावा मागू देत नाही, आणि विचारणाऱ्यासच वेड्यात काढते. पुस्तकातील भूत असे करीत नाही. ते पानावर येते, आणि पान उलटले की निघून जाते. मागील उन्हाळ्यात एका घरी नववीतील मुलीच्या हातून तिच्या आईने असेच एक पुस्तक काढून घेतले आणि ते आमच्यापुढे धरले. आम्ही मुलीस विचारले, "बाई, हे वाचून तुला भीती नाही वाटत?" ती म्हणाली, "फादर, हे खरं नाही, ठाऊक आहे मला. म्हणून तर भीती वाटत नाही." आमच्या मते त्या मुलीने लाखाची गोष्ट सांगितली. ज्या मुलास शंभर कल्पित गोष्टी ठाऊक आहेत, त्यास कल्पित कशास म्हणावे हे कळते. गोष्ट कशी रचतात, भीती कशी वाढवीत नेतात, हे त्याने आतून पाहिलेले असते. उद्या पारावर कोणी भानामतीची वार्ता सांगू लागला, तर ही रचलेली गोष्ट आहे हे तो ओळखेल. ज्याने एकही गोष्ट वाचलेली नाही, त्यास मात्र पहिलीच अफवा वेद वाटते.

तिसरा आक्षेप वेळेचा. ह्या वाचनाने पोट भरते काय? येथे थोडा इतिहास सांगणे भाग आहे.

ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाने १८६५ साली चंद्रप्रवासाची एक कादंबरी लिहिली. तीत अमेरिकेच्या फ्लोरिडा प्रांतातून एका प्रचंड तोफेने तीन माणसे चंद्राकडे उडविली जातात, आणि तिच्या पुढल्या भागात ती परत येऊन पॅसिफिक महासागरात पडतात. रशियात कॉन्स्तान्तिन त्सिओल्कोव्हस्की नावाचा एक खेड्यात जन्मलेला मुलगा होता. दहाव्या वर्षाच्या सुमारास आजारपणाने त्याचे कान गेले, आणि त्यामुळे शाळाही सुटली. तो पुस्तके वाचून एकट्याने शिकला आणि पुढे एका लहान गावात शाळामास्तर झाला. व्हर्नच्या कथांनी आपल्या मनात अवकाशप्रवासाचे बीज टाकले, असे त्याने स्वतः सांगून ठेविले आहे. तोफेच्या धक्क्याने आतील माणसे जगणार नाहीत, हे उघड होते. मग दुसरा उपाय कोणता? त्याने अग्निबाणाचे गणित मांडले आणि १९०३ साली ते प्रसिद्ध केले. १९६९ साली तीन माणसे फ्लोरिडातूनच निघाली, त्यांतील दोघे चंद्रावर उतरले, आणि परतताना तिघेही पॅसिफिक महासागरातच उतरले. मात्र ती तोफेने नव्हे, अग्निबाणाने गेली होती. व्हर्नचे उत्तर चुकीचे होते, परंतु प्रश्न बरोबर होता. त्या बहिऱ्या मास्तरास गोष्टीने दिला तो प्रश्नच.

हे सारे परक्या मुलखातील झाले, असे कोणी म्हणेल. तर व्हर्नची तीच चंद्रप्रवासाची कथा १९०० च्या सुमारास मराठीत आली होती. कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी ती 'केरळ कोकिळ' मासिकातून वाचकांस दिली. हे मासिक निघू लागले ते पुण्यास किंवा मुंबईस नव्हे, कोचीनला! मराठी मुलखापासून इतक्या दूर सुरू झालेल्या मासिकाच्या संपादकास मराठी वाचकाने चंद्रावर जावे असे वाटले. आपण तर सीमेवरच आहोत. पुढे भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी 'बालमित्र' मासिक चालविले, व्हर्नच्या कथा मुलांच्या मराठीत आणल्या आणि फास्टर फेणे हा धाडसी पोर मराठी घराघरांत पोहोचविला. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, आणि त्याचे नियंत्रण आपल्याच राज्यातील बंगळूरुहून झाले. शाळांतील मुलांनी ते डोळ्यांनी पाहिले. आठल्ये यांनी कथा छापल्यावर सव्वाशे वर्षे पुरी होण्याच्या आत मराठी मुलाने हे पाहिले, हे थोडे नव्हे.

आणि आपल्या मातीत तर ह्या वाङ्मयाचा अग्रणीच होऊन गेला. जयंत विष्णू नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरास झाला. केंब्रिजला फ्रेड हॉईल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली ते शिकले. हे हॉईल स्वतः विज्ञानकथा लिहीत असत. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेविली, तेव्हा नारळीकर जगप्रसिद्ध झालेले होते. आपल्या नावाकडे पाहून बक्षीस मिळू नये म्हणून त्यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा धाडली. तीस पहिले बक्षीस मिळाले. पुढे 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला' अशी पुस्तके आली. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यांची 'धूमकेतू' ही कथा ज्या पालकांस वेळेची चिंता आहे त्यांनी आधी स्वतः वाचावी. एका हौशी आकाशनिरीक्षकास नवा धूमकेतू सापडतो. घरच्या मंडळींस तो अपशकुन वाटतो, आणि शांतीसाठी यज्ञ होतो. इकडे तो पृथ्वीवर आदळणार असे गणिताने दिसते, आणि शास्त्रज्ञ गुपचूप यानातून स्फोटके धाडून त्याची वाट वळवितात. संकट टळते, घरचे लोक म्हणतात, यज्ञाने टळले. लेखक कोणावर रागावत नाही. भयाची दोन उत्तरे तो शेजारी शेजारी ठेवितो आणि वाचकास पाहू देतो. ही केवळ कल्पना होती काय? २०२२ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या नासा संस्थेने डार्ट नावाचे यान सुमारे १ कोटी १० लाख किलोमीटर दूर असलेल्या डिमॉर्फस या लहानशा खगोलावर मुद्दाम आदळविले, आणि त्याच्या फेरीचा काळ सुमारे ३२ मिनिटांनी कमी झाला. त्या खगोलापासून पृथ्वीस काही धोका नव्हता. उद्या दुसऱ्यापासून आला तर काय करावे, याची ती तालीम होती. कथेत जे आधी घडले, ते पुढे प्रत्यक्षात करून पाहिले गेले.

आमच्या गावची सारीच मुले शास्त्रज्ञ होतील असे आमचे म्हणणे नाही. बहुतेक शेती करतील, कोणी शिक्षक होतील, कोणी परिचारिका, कोणी मोटार चालवितील. त्यांसही "असे झाले तर मग काय?" हा प्रश्न लागतोच. मांजरेला पाणी आले नाही तर? सोयाबीनचा भाव पडला तर? हैदराबादेतील काम बंद झाले तर? जो मुलगा कथेतील नायकासंगे शंभर अपरिचित जगांत हिंडून आला आहे, तो अपरिचित परिस्थितीपुढे कमी गोंधळतो. न घडलेल्या गोष्टीचा आधी मनात विचार करण्याची सवय त्यास लागलेली असते. ही सवय कोणत्याही पाठ्यपुस्तकात स्वतंत्र धडा म्हणून येत नाही.

कित्येकजण म्हणतात, लहान मुलांचे ठीक आहे. पण मिसरूड फुटल्यावर असले वाचन कशास? त्यांस आम्ही जे. आर. आर. टॉल्किन यांची हकीकत सांगू. हे इंग्रज लेखक श्रद्धावान कॅथोलिक होते. बाप लहानपणीच वारला, आणि १९०४ साली, ते बारा वर्षांचे असताना आईही गेली. पुढे फादर फ्रान्सिस मॉर्गन या धर्मगुरूने पालक होऊन त्यांस वाढविले. हा पोरका मुलगा मोठा होऊन ऑक्सफर्डला प्राध्यापक झाला आणि आपल्या मुलांस सांगता सांगता त्याने बुटक्या लोकांची, ड्रॅगनची एक कथा रचली. ती १९३७ साली छापली गेली. १९३९ साली दिलेल्या एका व्याख्यानात त्यांनी आग्रहाने मांडले, की परीकथा केवळ मुलांसाठी आहेत हा मोठ्यांचा गैरसमज आहे. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत लढून आलेला माणूस हे बोलत होता. ज्याने मरण जवळून पाहिले, त्यास अद्भुत कथा पोरखेळ वाटली नाही.

आपल्या पूर्वजांसही ती पोरखेळ वाटत नसे. आपली मांजरा ज्या गोदावरीस मिळते, तिच्याच काठी प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण आहे. तेथील सातवाहन राजाकडे गुणाढ्याने आपली बृहत्कथा पाठविली, आणि राजाने ती झिडकारली, असे कथासरित्सागरात सांगितले आहे. तेव्हा गुणाढ्य अरण्यात बसून एकेक पान पशुपक्ष्यांस वाचून दाखवी आणि अग्नीत टाकी. पशू चरणे विसरून ऐकत राहिले आणि वाळले. राजाच्या ताटात सुके मांस येऊ लागले, तेव्हा राजा शोध घेत तेथे आला. सात लक्ष श्लोकांपैकी फक्त एक लक्ष वाचले. कथा झिडकारण्याची किंमत काय असते, हे ज्या समाजाने इतक्या सुंदर रीतीने सांगून ठेविले, त्या समाजाच्या मुलांच्या हातून आपण पुस्तक काढून घ्यावे काय?

मराठी साहित्यानेही ह्या प्रकारास मागल्या बाकावर बसविलेले नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादेस, म्हणजे आजच्या धाराशिवास भरले, तेव्हा अध्यक्ष होते आपले फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यानंतरचे संमेलन २०२१ च्या डिसेंबरात नाशिकला झाले, आणि अध्यक्षपदी जयंत नारळीकर होते. त्यापुढचे २०२२ च्या एप्रिलमध्ये आपल्या शेजारच्या उदगिरास झाले. त्याचे अध्यक्ष भारत सासणे यांच्या 'समशेर आणि भूतबंगला' ह्या मुलांच्या कादंबरीस २०२४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. भूतबंगल्याची गोष्ट लिहिणारा माणूस संमेलनाचा अध्यक्ष होतो. मग ती वाचणारे आपले मूल वाया गेले असे कसे म्हणावे?

आता एक प्रश्न, जो आईबाप विचारीत नाहीत, पण मुले विचारतात: "फादर, मग देवदूत ही पण गोष्टच का?" अशा वेळी मुलास दटावून गप्प बसवू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे. ज्यास भेद करता येऊ लागला आहे, तोच असा प्रश्न विचारतो. बेल्जियममधील फादर जॉर्ज लेमेत्र (१८९४–१९६६) हे धर्मगुरू होते आणि मोठे शास्त्रज्ञही होते. विश्व एका आद्य अणूपासून प्रसरण पावत गेले, ही कल्पना १९३१ साली त्यांनीच मांडली. नारळीकर आणि हॉईल यांचे मत नेमके याविरुद्ध होते. तथापि आपला सिद्धांत हा धर्माचा पुरावा समजू नये, असे फादर लेमेत्र आवर्जून सांगत. गणिताचे काय, श्रद्धेचे काय आणि कल्पनेचे काय, हे वेगळे ओळखणे त्यांस जमले. मुलासही हळूहळू तेच जमवावयाचे आहे. श्रद्धेस प्रश्नांचे भय नाही. भय असते ते अफवेस.

असो. आता करावयाचे काय, ते थोडक्यात सांगतो.

सहासात वर्षांपर्यंत पुस्तकाहून आजीचे तोंड बरे. भोपळ्यात बसून लेकीकडे जाणारी म्हातारी प्रत्येक घरात सांगितली जावी. आठव्या वर्षापासून भागवतांची पुस्तके द्यावीत. बारातेराच्या पुढे नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांच्या विज्ञानकथा द्याव्यात. आपली मुले घरी मराठी, शाळेत नि कचेरीत कन्नड आणि बाजारात हिंदी-उर्दू बोलतात. ही अडचण नव्हे, हे धन आहे. कन्नडमध्ये राजशेखर भूसनूरमठ यांनी विज्ञानकथा लिहिल्या आहेत. ज्यास कन्नड सोपे जाते त्याने त्या वाचाव्यात. २०२० साली कर्नाटक शासनाने 'ओदुव बेळकु', म्हणजे वाचनाचा उजेड, ही योजना काढून ग्रामपंचायतीच्या वाचनालयांत सहा ते अठरा वर्षांच्या मुलांस विनामूल्य सभासद करून घेण्यास आरंभ केला. आपल्या मुलाचे नाव तेथे आहे की नाही, हे पाहून यावे. मराठी पुस्तके नसतील तर दहा पालकांनी मिळून मागावीत. एकट्याचे म्हणणे टेबलावर पडून राहते, दहांचे राहत नाही.

सगळीच अद्भुत पुस्तके चांगली असतात, असे मात्र आम्ही म्हणत नाही. ज्यात रक्तपाताची चव लावली आहे, ज्यात एखाद्या जातीचा किंवा धर्माचा माणूसच नेमका राक्षस ठरविला आहे, ते दूर ठेवावे. पुस्तक चाळून पाहण्यास आईबापांस पंधरा मिनिटे पुरतात. ज्या मातेस वाचता येत नाही, तिने मुलास मोठ्याने वाचावयास सांगावे. तिच्या कानास जे खटकेल, ते बहुधा खटकण्याजोगेच असेल.

आणि आठवड्यातून एकदा, सायंप्रार्थनेनंतर, फोन बाजूस ठेवून, सर्व कुटुंबाने एक गोष्ट ऐकावी. गोष्ट संपल्यावर मुलास तीनच प्रश्न विचारावेत. ह्यातले रचलेले काय? ह्यातले खरे होऊ शकेल असे काय? आणि तू तेथे असतास तर काय केले असतेस? उत्तर चुकले तरी चालेल. ह्या तीन प्रश्नांची सवय ज्या घरास लागली, त्या घरातील मूल उद्या गावात भानामतीचा गलका उठला असता दगड घेऊन धावणाऱ्यांत असणार नाही. ते त्या म्हातारीच्या दाराशी उभे राहून विचारील, "हे कोणी पाहिले?" तेवढे धैर्य आपल्या मुलांत यावे, म्हणून त्यांस गोष्टी वाचू द्या.